वहिनींचा अमिबा

दादाचा फोन आला तेव्हा मी अंबडला, शाळेत निघायच्या घाईत होते. "तुझी वहिनी गेली," एवढंच तो म्हणाला. हृदयाचं दुखणं होतं, तरी इतक्या लवकर... माहेरी टेंभुर्णीला पोचेपर्यंत खरं वाटत नव्हतं.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी नववीत होते. औरंगाबादला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून त्यांनी संशोधन सुरू केलं होतं. पेशी बाहेरची वस्तू आत कशी घेते, कशी पचवते, हा विषय. अभ्यास पुरा करू देऊ, असा दादानं शब्द दिला होता. मग बाबांना अर्धांगवायू झाला. पुढच्या वर्षी बघू, दादा म्हणाला. पुढच्या वर्षी सचिन झाला... वहिनी वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. सचिन शाळेत जाऊ लागल्यावर त्यांनी पुन्हा विषय काढला, तोवर त्यांचे मार्गदर्शक सर निवृत्त झाले होते. मग गावातल्याच शाळेत त्या विज्ञान शिकवू लागल्या. एक जुना सूक्ष्मदर्शक विकत घेतला आणि खिडकीत काचेच्या वाडग्यात अमिबा पाळले. पाण्यात उकडलेले तांदूळ टाकायच्या. त्यावर बारीक जीव वाढत आणि अमिबा त्यांना खात.

मी बाळंतपणाला आले होते तेव्हा त्यांनी एकदा मला बोलावून दाखवलं. अमिबानं अंगातूनच दोन हात काढून पॅरामेशियम नावाच्या एका बारीक जीवाला घेरलं. हात एकमेकांना मिळाले, आणि तो जीव पाण्याच्या थेंबासकट आत गेला. आत तो अजून गरगर फिरत होता. गिळला की, मी म्हटलं.

"गिळला, पण अजून त्याचा झाला नाही," वहिनी म्हणाल्या. "आतले रस सुटतात, सगळं विरघळतं, मग कुठं त्याचं होतं. न पचलेलं तसंच बाहेर टाकतो."

हेच मला शोधायचं होतं, असं त्या पुढं हळूच म्हणाल्या. तेवढ्यात बाळ रडलं, मी उठले. दादा बाहेर पेपर वाचत बसला होता. त्यानं त्या भिंगाला कधी डोळा लावला नाही.

वहिनी गेल्यावर महिन्यानं मी पुन्हा गेले, तर दादा खिडकीशीच बसलेला. "रोज तांदूळ टाकून राह्यलो मी," म्हणाला. "बघ बरं, हायेत का." वाडग्याला नळाच्या पाण्यातल्या औषधाचा वास येत होता. त्या औषधानं असले जीव मरतात म्हणून वहिनी नळाचं पाणी कधी घालत नसत, तळ्याचंच आणत. मी थेंबामागून थेंब पाहिले. काहीच हलत नव्हतं. तसं त्याला सांगितलं.

त्यानं उठून एक बाटली धुऊन आणली.

"तिच्यासारखं आणू आपण. कुठल्या तळ्यावरून आणायची ती?"

मलाही माहीत नव्हतं... मीही कधी विचारलं नव्हतं.