दिनेशकाकांचा शुक्रवार

मोतीरामबाबा पगारे रेडिओवर "प्रिऽऽय श्रोते हो" म्हणायचे, तेव्हा त्या 'प्रि' आणि 'य'च्या मधे आमच्याकडे चहा गाळून व्हायचा. शरणपूरच्या आमच्या गल्लीत त्यांची नक्कल न केलेलं पोर सापडणार नाही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर मात्र लोक दर शुक्रवारी कामं आटपून हा ख्रिस्ती कार्यक्रम ऐकायला बसत. कारण शेवटी बाबा आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करत.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. रेडिओसेवा त्यांच्या मुलाकडे, दिनेशकाकांकडे आली. काकांचा आवाज म्हणजे बँकेत टोकन नंबर पुकारतात तसा. कार्यक्रम चालवणाऱ्या मंडळाच्या चिटणीस साधनाताई मधाळ सुरात म्हणाल्या, "दिनेश, राग मानू नकोस हं. लोकांना बाबाच हवेत. जुनी रेकॉर्डिंगं ढीगभर आहेत. तू आपलं बटण दाब."

काकांनी बटण दाबलं. बाबा आजारी आहेत हे श्रोत्यांना कळलंच नाही.

मग एका शनिवारी पेठकडच्या भागीबाईंचा फोन आला. "पास्टर हायेत का?"

"मी त्यांचा मुलगा बोलतोय, बाई."

"मंग तूच सांग. माझा झिपरू जाऊन वरीस झालं. आन् काल तुझा बाप म्हनतो, परभू, झिपरूला खाटंवरनं उठव! सून रडायला लागली. असं कसं रं करता?"

जुनी प्रार्थना होती ती. तेव्हा झिपरू जिवंत होता. काकांनी हे साधनाताईंच्या कानावर घातलं.

त्यांना लगेच उपाय सुचला. "नावं कापून टाकू की. कॉम्प्युटरवर होतं ते."

"नावं कापली तर उरलं काय, ताई? येत्या शुक्रवारी मी बोलणार. थेट."

"अरे, पण श्रोते तुटले तर?"

"तुटू देत. फसवून नाही धरायचे."

घरी त्यांनी बाबांना सांगितलं. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. काका म्हणाले, "रुसा खुशाल. बोलणार मीच."

शुक्रवारी काका घसा खाकरून म्हणाले, "मी दिनेश मोतीराम पगारे. बाबांना आता बोलता येत नाही. हे आधीच सांगायला हवं होतं. भागीबाई, आमचं चुकलं." झिपरूच्या घरच्यांसाठी त्यांनी प्रार्थना केली, मग आजाऱ्यांची नावं घेतली, इतक्या भराभर की वेळ उरला! तेव्हा तीच नावं पुन्हा, सावकाश घेतली.

नंतर फोन वाजू लागला. घोटीचे एक गृहस्थ म्हणाले, "आवाज फार सपाट आहे बुवा, डुलकी लागली." कोणी बाबांना सलाम सांगितला, कोणी नुसतंच "बरं" म्हणून ठेवून दिला. मग भागीबाई.

"तुला बापासारखं बोलता येत नाय."

"नाही येत, बाई."

"मंग ध्यानात ठेव. नात हाय माझी, मीना. ताप उतरंना तिचा. पुढल्या शुकीरवारी नाव घेशील?"

"मीनाचं नाव पहिलं घेतो," काका म्हणाले. "आणि बाई, तिला उद्याच दवाखान्यात न्या."