आप्पांच्या कच्च्या कॅसेटी

मी नियोजनाचा माणूस आहे. बायको याला खोड म्हणते. घरात सर्व्हर, म्हणजे सगळे व्हिडिओ एका जागी साठवणारं यंत्र, बसवायचा ठरला, तेव्हा मी सगळ्यात आधी दोनशे पानी वही आणली. दोन मोठ्या डिस्क, एकीत जे असेल ते दुसरीतही. एक छोटा संगणक. वीज गेली तरी थोडा वेळ तग धरणारा यूपीएस. आणि मायला रिमोटचं एक बटण दाबून टीव्हीवर हवं ते बघता यावं, अशी सोय. शहाद्याच्या दुकानदाराने वही चाळली आणि विचारलं, "सर, धरन बांधी ऱ्हायनात का?" मला राग आला, पण डिस्क त्याच्याकडूनच घ्यायच्या होत्या.

हा सगळा खटाटोप आप्पांसाठी होता. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचा लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. आजूबाजूच्या गावांतल्या दोन पिढ्यांच्या हळदी त्यांनी कॅमेऱ्यात धरल्या. ते गेले, आणि मग लक्षात आलं की घरातल्या कॅसेटींत साऱ्या तालुक्याचे चेहरे आहेत, पण आप्पा एकाही चित्रात नाहीत. असणार कसे? कॅमेरा त्यांच्याच खांद्यावर असायचा. मायने माझी वही बघितली आणि एवढंच म्हणाली, "भाऊ, कॅसेटमा त्या दिसतस नही, माले मालूम शे. पन बोलतस ना? तेवढं माले आयकाडी दे." 'त्या' म्हणजे आप्पा; आमच्याकडे बायका नवऱ्याला असंच म्हणतात.

हे काम मी हसत हसत अंगावर घेतलं.

माळ्यावर कॅसेटींचे दोन ढीग होते. आप्पांच्याच अक्षरात एकावर 'कच्ची' आणि दुसऱ्यावर 'पक्की' अशा चिठ्ठ्या. कच्ची म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली, जशीच्या तशी. त्यात पाय दिसतात, छत दिसतं, कुणाची तरी बकरी मांडवात शिरते. पक्की म्हणजे नीट कापून, नावं टाकून, वर सिनेमातली गाणी चढवलेली. गिऱ्हाइकाला तीच जायची आणि तिची एक प्रत आप्पा घरी ठेवायचे. आमच्याकडे ज्या लग्नाच्या कॅसेटीत गाणी नाहीत, ते लग्न अर्धंच लागलं असं लोक मानायचे.

मी हिशेब मांडला. दोन्ही ढीग चढवले तर डिस्क भरून जातील. मग बकऱ्या कशाला साठवायच्या? वहीत 'कच्ची' या शब्दावर मी काट मारली, तीही पट्टी घेऊन. दुसऱ्याच दिवशी "भंगार द्या, लसून ल्या" अशी आरोळी आली, आणि कच्च्या कॅसेटींचं पोतं देऊन मी पाव किलो लसूण घेतला. लसूण चांगला निघाला, हे कबूल करायला हवं.

नंतरचा महिनाभर मी जुना व्हीसीआर दुरुस्त करून पक्क्या कॅसेटी संगणकात उतरवत होतो. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात, तिथे कुणाची हुशारी चालत नाही. सर्व्हर कुठे ठेवायचा यावर घरात तीन बैठका झाल्या आणि शेवटी तो फ्रिजच्या डोक्यावर बसला. मायने त्याला हळदकुंकू लावलं. मी फक्त हवा जायची भोकं तेवढी वाचवली.

मग एका रविवारी सकाळी सगळे टीव्हीपुढे बसलो. मायने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. तिने बटण दाबलं. मांडव आला, नवरी आली, गाणं सुरू झालं. ते संपलं, दुसरं लागलं. पंगत आली, तिसरं लागलं. माय मान पुढे काढून ऐकत होती.

"गाना बेस शेतस, भाऊ," ती म्हणाली. "पन त्या कवय बोलतीन?"

मी दुसरी कॅसेट लावली, तिसरी लावली, पुढे पळवली, मागे आणली. सगळीकडे गाणीच गाणी. गाणं चढवलं की खालचा आवाज पुसला जातो, हे याच घरात वाढलेल्या मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आप्पांचा आवाज मी लसणावर दिला होता.

मोटरसायकल काढून मी भंगारवाल्याच्या वखारीत गेलो. तो म्हणाला, "कॅसेटी? त्या ते कळसाडीले गयात. दादरमा बांधाले." दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. कणसात दाणा भरला की पाखरं उतरतात. ती उडवायला शेतकरी कॅसेटची फीत सोडवून या बांधापासून त्या बांधापर्यंत ताणतात.

कळसाडी गावात ते शेत शोधावं लागलं नाही. उसाच्या पलीकडे काळ्या फिती उन्हात चमकत होत्या आणि वाऱ्यावर बारीक गुणगुणत होत्या. त्यातल्याच एका फितीवर दोन पोपट निवांत बसले होते.

शेताचा मालक माझ्या आप्पांच्याच वयाचा. तो कौतुकाने म्हणाला, "वारा सुटना की कशी गुनगुनस दखा!" मी कुणाचा मुलगा आणि कशासाठी आलो ते सांगितलं. तो हसायला लागला. "तुमना आप्पानी मन्हा लगीनमा माले तीनदा माळ घालाले लायी व्हती. फोटू बराबर ये नही म्हने!" त्याने खोपीतून पोतं ओढून आणलं. चार कॅसेटी दादरात गेल्या होत्या, बाकीच्या तशाच होत्या. ताणलेल्या फितीही सोडून देतो म्हणाला. मी नको म्हणालो. पाखरं तरी उडू देत.

कॅसेटींना बुरशी धरली होती. अकरा चालल्या. त्या दोन्ही डिस्कवर आधी चढवल्या आणि उरलेल्या जागेत गाणी कोंबली. वहीतली सगळी पानं फुकट गेली.

पहिली कच्ची कॅसेट आमच्याच गावातल्या हळदीची निघाली. ढोल, धूर, कुणाचा तरी पाय, बायकांची गर्दी. हिरव्या लुगड्यातली एक बाई पाठमोरी येऊन नेमकी नवरदेवाला झाकून उभी राहिली. आणि माईकच्या अगदी जवळून, खणखणीत, आप्पा बोलले: "आवं, जराशी बाजूले सरक ना! बराबर कॅमेराना म्होरे उनी शे तू."

पडद्यावरच्या हिरव्या लुगड्याने वळून पाहिलं. ती माय होती, तिशीतली. आणि इकडे सोफ्यावर बसलेली माय पदर सावरून वीतभर बाजूला सरकली.