रिकामी तागडी

संजय गेल्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ पाखडत होते. सूप खाली ठेवलं. रडू आलं नाही, भीती वाटली... आपण त्याला शेवटचं काय बोललो?

संजय माझा भाचा. आईविना माझ्याकडे शहापूरला वाढला. मुरबाडच्या बाजारात मी तांदूळ विकायची. माप घालण्याआधी गिऱ्हाइकाला रिकामी तागडी धरून दाखवायची, दोन्ही पारडी सारखी, हे मी त्याला शिकवलं. पुढे तो विज्ञानाचा प्राध्यापक झाला. मी चौथी शिकलेली, म्हणून बाजाराच्या भाषेत सांगायचा. "आत्या, आभाळात माल दिसतो मूठभर, पारडं बसतं पोत्याएवढं."

"मग तुजी तागडी खोटी हाय."

"तसं म्हणणारेपण हायत गो! पण आमी म्हणतो, पारड्यात न दिसणारं कायतरी हाय. आत्तापण तुज्या आरपार जातंय."

"गप रे, मेल्या."

विज्ञानाच्या जुन्या मांडणीत काही बारीक कणांना वजनच नसायला हवं, पण ते आहे म्हणे. संजयनं मांडणीत एक नवा कण घातला. त्या कणामुळे बारीक कणांना वजनही मिळालं आणि आभाळातला न दिसणारा मालही तोच ठरला. कागदावर सगळं जुळलं, कण मात्र वीस वर्षं शोधूनही कुणाला सापडेना. शेवटचा आला तेव्हा ओटीवर बसून म्हणाला, "आत्या, तो नसलाच तर?" मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, "नसला तर नसला. वीस वर्षं वाया गेली म्हणायचं." तो उठला. जेवून जा म्हटलं, तर "भूक नाय गो." आठवड्यात त्याचं हृदय बंद पडलं. डॉक्टर म्हणतात, जुनं दुखणं. असेल... पण तेव्हापासून मी ओटीवर बसत नाही. दिवसाढवळ्या दार लावून घेते, जसं काही ते आरपार जाणारं दारानं अडणार आहे.

त्याच्या पुण्यानुमोदनाला, वंदना झाल्यावर, त्याची विद्यार्थिनी मेघा त्याची वही घेऊन आली. उघडू नको म्हणणार होते, तोवर तिनं शेवटचं पान काढलं. आकड्यांच्या वर मराठीत लिहिलेलं : आत्या म्हणते ते खरं असेल. रिकामी तागडी धरून पुन्हा सुरुवात. माझ्याकडून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख.

"काय खरं गं? तागडी खोटी ते, का वाया गेलं ते?"

"माहीत नाही, आजी. तीन ओळींवर थांबलंय."

तागडी अजून खुंटीला आहे. रोज उतरवते, रिकामी धरते. पूर्वी पारडी चटकन सारखी व्हायची, आता हलतच राहतात. माझा हात थरथरतो, दुसरं काही नाही... असं मी मोठ्यानं म्हणते.