आखाजीचा दोर आणि जळगावची बाग

धुळ्याच्या बसस्थानकावर सकाळी मी उभा होतो, तेव्हा माझ्या पिशवीत एक टॉवेल, पाण्याची बाटली आणि म्हैस बांधता येईल इतका जाड दोर होता. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, चष्मेवाला माणूस असा दोर घेऊन प्रवासाला का निघतो, हे आधी सांगायला हवं.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात आणि झाडाला दोर बांधून झोके घेतात. लेकीचे केस पिकले तरी हा हक्क सुटत नाही. माझी थोरली बहीण अक्का साठीच्या पुढची. गावचं घर गेलं, अंगणातला निंबही गेला, आणि आता तिचं माहेर म्हणजे माझा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. गेल्या आखाजीला मी तिला गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आइस्क्रीम खायला घातलं. यंदा तिने फोनवर निकाल दिला, "झोका नही ते माहेर कसानं?" (झोका नाही तर माहेर कसलं?)

मी छाती फुगवून सांगितलं की जळगावच्या मोठ्या बागेत हत्तीएवढे निंब आहेत, तिथे बांधतो. तिने अट घातली. ती जळगावपर्यंत येणार. झोका मिळाला तर तिथून माझ्याकडे धुळ्याला. नाही मिळाला तर तिथूनच परत सासरी भडगावला, आणि यापुढे आखाजीला तिला न्यायला येण्याची तसदी मी घ्यायची नाही. हे ती हसत म्हणाली नव्हती.

भडगावला भाऊजींनी चहा पाजला आणि दोर ताणून पाहिला. बैलगाडी ओढेल, असा शेरा त्यांनी दिला. अक्काने तो शेरा स्वतःच्या वजनावर घेतला आणि त्यांचा निरोप न घेताच बसमध्ये जाऊन बसली.

एरंडोलमार्गे जळगाव. उन्हाने खिडकीचे गज तव्यासारखे तापलेले. मध्येच केळीच्या बागा लागल्या की तेवढ्यापुरता वारा ओला व्हायचा, आणि बसमधले सगळे एकदम खिडकीकडे तोंड करायचे. अक्काच्या मांडीवर आमरस आणि पुरणपोळ्यांचा डबा होता. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी डबा वर उचलायची. रस्त्याचा तो भाग असा होता की डबा मांडीवर फारसा टेकलाच नाही.

ऊन उतरल्यावर आम्ही बागेच्या फाटकाशी पोहोचलो. बाग खरोखरच देखणी. लांबलचक चालायचा रस्ता, त्यावर कानात गाण्याची बोंडं घालून झपझप चालणारी मंडळी, कमळांचं तळं, व्यायामाची पिवळी यंत्रं, आणि मागे निंबांची अशी रांग की मी अक्काकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तेवढ्यात फाटकावरच्या निळ्या गणवेशातल्या बाईंनी माझी पिशवी उघडली. त्यांचं नाव मंगलताई. त्यांनी दोर दोन बोटांनी साप धरावा तसा बाहेर काढला आणि कपाळाला हात लावला.

"काका, सकाळपासून हा कितवा दोर म्हणून सांगू तुम्हाला?"

त्यांच्या चौकीत कोपऱ्यात दोरांचा ढीग पडला होता. सुती, नायलॉनचे, एक तर विहिरीचा, अजून ओला. सगळा जिल्हा माझ्याइतकाच हुशार निघाला होता. बागेत झाडाला काहीही बांधायचं नाही, असा नियम. दोर जाताना परत मिळेल.

"बठ्ठा झाडं सरकारना शेतस का?" (सगळी झाडं सरकारची आहेत का?) अक्काने विचारलं. मंगलताई शांतपणे हो म्हणाल्या.

मी लगेच लहान मुलांच्या झोपाळ्यांकडे बोट दाखवलं. अक्का म्हणाली, त्यात तूच बस. तिची समजूत काढायची म्हणून मी खरंच बसलो. बसताना सोपं गेलं. उठताना मात्र झोपाळ्याची बादलीसारखी बैठक माझ्याबरोबर उठली. दोन्ही बाजूंच्या साखळ्या धरून मी नटसम्राटाच्या थाटात लोंबकळत राहिलो. मंगलताई शिट्टी वाजवत धावत आल्या आणि त्यांनी व अक्काने मला मुळ्यासारखं उपसून काढलं. एवढं होऊनही अक्का हसली नाही. ती चौकीच्या पायरीवर जाऊन बसली. शेजारच्या बाकांवर आणखी काही बायका तशाच बसल्या होत्या. दोरांच्या त्या ढिगाच्या मालकिणी.

मग अक्काने आखाजीचं गाणं धरलं. आवाज फाटका, पण खणखणीत. बाकांवरून एकीने साथ दिली, मग दुसरीने. चालणाऱ्यांपैकी एका बाईने कानातली बोंडं काढली आणि ती येऊन पायरीवरच बसली. फाटक अडलं. माणसं आत जाईनात, बाहेर येईनात. मंगलताईंनी एकदा शिट्टी तोंडात घातली, काढली, पुन्हा घातली.

शेवटी त्या अक्कासमोर उकिडव्या बसल्या. "आजी, माझा नियम कुंपणाच्या आत. पार्किंगमधला निंब कुंपणाबाहेर आहे. तिथे माझी शिट्टी चालत नाही."

पार्किंगकडे जी झुंबड उडाली! मी चौकीतून परत घेतलेल्या दोराला दगड बांधून तो फांदीवर ऐटीत भिरकावला. तो एका मोटारीच्या टपावर बसला आणि मोटार बोंबलू लागली. मग मंगलताईंनीच माळ्याची शिडी आणवली. स्कूटरी बाजूला सरकल्या, एका स्कूटरच्या सीटवर अक्काचा डबा उघडला, आणि खापरावरच्या (मातीच्या उलट्या भांड्यावर भाजलेल्या) पुरणपोळ्यांचे तुकडे रसात बुडवून अनोळखी हातांत गेले.

आमच्या घरात पहिला धक्का भावाने द्यायचा. मी दिला. दुसऱ्या झोक्याला अक्काने पाय लांब केले, चौथ्याला तिचा पदर निंबाच्या पाल्याला लागला. मी खालून हळू, हळू असं म्हणत होतो आणि ती वरून मला भित्रा ठरवत होती. नंतर रांग लागली. कुंपणाबाहेर न चालणारी मंगलताईंची शिट्टी प्रत्येकीची पाळी संपली की वाजत होती, आणि सगळ्यात शेवटी त्या स्वतः टोपी काढून बसल्या. त्यांना धक्का अक्काने दिला.

मग आम्ही बसस्थानकावर आलो. झोका मिळाला खरा, पण स्कूटरींच्या मधला. तो तिच्या हिशेबात बसला की नाही, विचारायची माझी हिंमत नव्हती. समोर भडगावची बस लागलेली होती, अर्धी रिकामी. अक्का तिच्यापाशी थांबली. पाटी वाचली. मग पदराने तोंड पुसलं आणि पलीकडच्या धुळ्याच्या बसच्या गर्दीत कोपर घालून घुसली. मी आत पोहोचलो तेव्हा शेजारची जागा तिने दोन भांडणं करून माझ्यासाठी राखली होती.

कंडक्टरने कुठे जायचं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "धुळं. माहेर शे मन्हं तठे." (माझं माहेर आहे तिथे.)

मोठाल्या बागा मी बऱ्याच पाहिल्या. त्यांत काय काय पाहिलं, हे घरी येईपर्यंत विसरायला होतं. या बागेचं तर मी पार्किंगच नीट पाहिलं. पण कंडक्टरने बाईंना अर्धं आणि तुम्हाला पूर्ण असं सांगून तिकिटं फाडली, तेव्हा स्वतःच्याच घरी जायचं पूर्ण तिकीट मी इतक्या ऐटीत खिशात ठेवलं की समोरचा माणूस मला कोणीतरी मोठा पाहुणा समजला.