अण्णाचे हात आणि बिनसाखरेचा डबा

अण्णा गेल्याचं मला दादरच्या बाजारात कळलं, तेही सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, घेताना. आमच्याच वाडीचा माल विकणारा माणूस पुडा बांधता बांधता म्हणाला, "घ्या, अण्णांच्या हातची ही शेवटची. परवा गेले ना ते..." घरून आलेली तार माझ्या जुन्या पत्त्यावर जाऊन पडली होती. आज सात आठवडे झाले, पण त्या माणसाच्या बोलण्याचा राग अजून जात नाही. अण्णाच्या हातची म्हणे! गेली चार वर्षं त्या हातांना काही उमगत नव्हतं, हे आम्हा घरच्यांनाच धड कळलं नाही, तिथे त्याला काय बोलणार?

अण्णा माझा चुलतभाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. राजोडीच्या अलीकडे आमची केळीची वाडी. मी नोकरीसाठी मुंबईला पळालो, तो राहिला. राजेळी केळी पिकवून सोलायची, बांबूच्या मांडवावर चटयांवर उन्हात घालायची, रोज उलटायची, संध्याकाळी झाकायची, हे कुणीही करील. खरी मेख पुढे. सुकेळं काढायचं कधी? एक दिवस आधी काढलं तर बुरशी, एक दिवस उशीर झाला तर चामडं. त्यातून समुद्रावरून दमट वारा सुटला की सगळा हिशेब चुकतो. अण्णा नुसता अंगठा आणि बोट यांच्यात धरून दाबायचा आणि सांगायचा. चाखायचा मात्र नाही. "चाखून काय, कोनीही सांगेल," म्हणायचा. आणि आमच्या घरची रीत अशी, की मांडवावरचा माल घरातल्या पुरुषानेच पारखायचा. बायकांनी सोलायचं, उलटायचं, बांधायचं. दाबून बघायचं नाही. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

चाळिशीत त्याला मधुमेह निघाला. सुया सुरू झाल्या. काचेच्या नळीत निळं औषध घालून लघवी उकळायची आणि ती विटकरी झाली, म्हणजे साखर निघाली, की वहिनीने तोंड फिरवायचं, हा रोजचा कार्यक्रम. मग काही वर्षांनी हात गेले. म्हणजे दुखले नाहीत, सुजले नाहीत... नुसते आवळत गेले. कातडी ताणल्यासारखी घट्ट, बोटं अर्धवट वाकलेली. नमस्कार करायला गेला तर दोन तळव्यांमध्ये फट राहायची. एका लग्नात कुणी तरी बोललंच, "वाडी पिकली, आता हात कशाला जुळतील!" अण्णा हसला. मी त्या माणसाला चार शब्द सुनावायला हवे होते, ते राहून गेलं. गावात वात म्हणून तेल चोळणं चालू होतं. शेवटी मी त्याला मुंबईच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात जोडायला लावले, ती फट पाहिली आणि म्हणाले, "मधुमेह जुना झाला की काहींचे हात असे होतात. का, ते आम्हालाही नीट सांगता येत नाही. साखर सांभाळा, एवढंच."

साखर सांभाळायची म्हणून मी शहाणपणा केला. फोर्टातल्या एका औषधवाल्याकडे मधुमेहींसाठी परदेशी भुकटी आली होती, सॉर्बिटॉल नावाची. साखरेपासूनच बनवलेली, पण रक्तात सावकाश उतरणारी. डॉक्टर म्हणाले होते, "थोडी चालेल. जास्त घेतली तर पोट धावेल. हातांचं म्हणाल तर हिने काही होईलसं मला वाटत नाही." मी यातलं 'चालेल' तेवढं ऐकलं आणि डबा घेऊन ऐटीत वाडीवर गेलो. भुकटी गोडीला अर्धीच, त्यामुळे अण्णा चहात चमच्यावर चमचे घाली. पोट धावलंच. पण खरा घोटाळा त्याच्या डोक्यात झाला. एका दुपारी मांडवाशी उभा राहून तो सुकेळं खात होता.

"अण्णा, हे काय करतोस?"

"का? तुझ्या डब्यात साखर नाय नि गोड लागतं. मी तरी यात कुठं साखर घालतो? निव्वळ ऊन आहे हे."

मी ओरडलो. केळं वाळलं की त्यातली साखर घट्ट होते, जात नाही, हे दहा वेळा सांगितलं. त्याने दुसरं उचललं. ज्याने जन्मभर वाळवणं केलं, त्याला हे कळू नये? डोकं फोडून घ्यावंसं वाटलं.

निघताना वहिनीने फाटकाशी खरं सांगितलं. "भाऊ, त्यांना बोटांनी कळत नाय आता. म्हणून चाखतात. प्रत्येक चटईवरचं एक तरी." म्हणजे हात आवळले म्हणून चाखणं, आणि चाखण्याने साखर चढून बहुधा हात आणखी आवळणं... आणि वरून माझा डबा, त्या चाखण्याला परवाना दिल्यासारखा. तेव्हा मला आठवलं, दोन वर्षांपूर्वी अण्णा म्हणाला होता, "जरा इथं बोट लाव रे. मी सांगतो तसं दाब, तुला येईल." त्याला पोरगा नाही, घरात दुसरा पुरुष नाही, मीच होतो. मी म्हटलं होतं, गाडी चुकेल. त्याला बोटं हवी होती, आणि मी त्याला भुकटी आणून दिली. पुढे अण्णाच्या पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि बाकीचं सांगण्यासारखं काही नाही.

परवा वाडीवर गेलो. वाटलं, मांडव ओस पडला असेल. तर चटया भरलेल्या, आणि वहिनी चटईपाशी वाकून एकेक सुकेळं दोन बोटांत दाबत होती. चटकन, न बघता. ही काढायची, ही राहू दे.

"वहिनी, तुला हे येतं?"

"लग्न झाल्यापासून येतं."

"मग अण्णाला कधी बोलली का नाहीस?"

तिने हातातलं सुकेळं टोपलीत टाकलं. "मला कोनी विचारलं? तू तरी विचारलंस?"

मी टोपली उचलून तिच्या पुढे धरली, आणि ती पुढच्या चटईकडे सरकली.