डब्यांच्या फळीवरची तसबीर

अबेना गेल्याचं आम्हाला महिन्याभरापूर्वी कळलं. तिच्या नवऱ्याचा कॉलेजातला एक मित्र सांगलीत आला होता, तो मुद्दाम विश्रामबागेत घरी येऊन सांगून गेला. घानात, आपल्या गावी, बाळंतपणात गेली... आईनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती आत गेली.

अबेनाचा नवरा इथं इंजिनीअरिंग शिकायला आला, तेव्हा त्या दोघांना खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. माझ्या वडलांनी, दादांनी, आमची पुढची खोली दिली. आम्ही माणदेशातले, नव्यानं बौद्ध झालेले. सांगलीत किती दारांवरून परत फिरलो होतो, ते दादा विसरले नव्हते. अबेना चित्रकार. चित्रं काढायची ती बायकांचीच, आणि तीही घरातली : केस वाळवणारी, पोराला पाजणारी. आईचं चित्र काढायचं ठरलं, तशी आई ठेवणीतलं लुगडं नेसून ऐटीत येऊन बसली. मराठी अबेना आईकडूनच शिकलेली, त्यामुळे भांडणही माणच्याच बोलीत. म्हणाली, "ही अक्का माज्या वळखीची न्हाई. जा, रोजची अक्का घिऊन ये."

शेवटी भाकरी थापतानाच काढलं. पिठाच्या हातानं बट मागे सारणारी, कोणी हाक मारल्यावर वर बघते तशी बघणारी आई. अंगावर विटकं लुगडं. आई लय चिडली! त्यात आजीची भर, "जित्या बाईची तसबीर लावत्यात व्हय कुठं?" आमच्याकडे तसबीर लागते ती माणूस गेल्यावर. म्हणून ती सैपाकघरात, डब्यांच्या फळीवर गेली. तिथंही जेवायला बसलेले एक लांबचे पाहुणे ती बघून हळहळले. त्यांना भाकरी आईच वाढत होती. हसून हसून आमची पोटं दुखली. शिक्षण संपवून ती दोघं घानाला निघाली, तेव्हा आई अबेनाला म्हणाली, "तुजं बी एक काढून दे की." ती म्हणाली, "पुढच्या येळंला..."

त्या दिवशी तो मित्र गेल्यावर मी आत गेले. आईनं परसातली शेवंती ओवली होती आणि हार आपल्याच तसबिरीला घालत होती. आजी ओरडली, "आगं, सोताला हार घालतीस? याड लागलं का?"

"आवं आत्ती, तिचं दुसरं काय हाय आपल्याकडं?" आई म्हणाली आणि पहिल्यांदा रडली. मलाही आवरेना.

हार आता वाळलाय, तरी तिथंच आहे. येणारं-जाणारं माणूस दचकून विचारतं, कोण गेलं? चुलीपुढची आई पिठाच्या हातानं बट मागे सारून वर बघते.

"काढणारी," ती म्हणते.