दोन हात जागा

दुपारी बाजाराच्या चौकात पालेभाजी विकणाऱ्या शांताबाई छाती दाबून खाली बसल्या. शेजारच्या हौसाबाईंनी त्यांच्यावर पदराची सावली धरली. मी फोन केला आणि रुग्णवाहिका लवकर आलीही. लोकांनी तिला वाट दिली. पण त्याच वाटेने तिच्या मागे चिकटून दुचाक्यांची रांग आली.

गाडी थांबली. स्ट्रेचर मागच्या दारातून निघतं, आणि त्या दाराला एका स्कूटरचं चाक टेकलं होतं.

"दादा, मागे घ्या!" गाडीतला माणूस ओरडला.

"माझ्या मागं बघा की!" स्कूटरवाला म्हणाला. त्याच्या मागचाही तेच म्हणाला.

आगीचा बंब असो की रुग्णवाहिका, घर कोणाचं, जीव कोणाचा हे न विचारता शहर मदत धाडतं. दार उघडायला लागणारी दोन हात जागा मात्र आपण द्यायची असते. तीच आपण खातो. दुसऱ्याच्या संकटाने मोकळा झालेला रस्ता वापरणं ही हुशारी नव्हे, चोरी आहे.

अखेर पायांनी रेटत दुचाक्या मागे सरल्या. शांताबाईंना आत घेतलं, मीही सोबत चढलो. दार लागता लागता स्कूटर पुन्हा सुरू झाली. हौसाबाई तराजू घेऊन तिच्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या.

"थांब रं! वाट तिच्यासाठी झालीया, तुझ्यासाठी न्हाई."

आम्ही निघालो. शांताबाईंचा श्वास संथ चालू होता. मागच्या काचेतून हौसाबाई लहान लहान होत गेल्या, आणि आमच्यामागचा रिकामा रस्ता लांबत गेला.